मले, चले आणि एक अर्धी ओळ

कविता मोजायची नसते, अनुभवायची असते, असं मला आयुष्यभर लोक सांगत आले. सांगणाऱ्यांपैकी बहुतेकांना मोजता येत नव्हतं, हे माझ्या हळूहळू लक्षात आलं.

अमरावतीच्या एका कॉलेजात मी मराठी शिकवलं. कथा-कादंबरी शिकवायला सगळे तयार असत. छंद, वृत्त, यमक, पुनरुक्ती हा भाग आला की तास माझ्याकडे सरकवला जाई. "मॅडमले आवडते ते," असं म्हणून सहकारी मोकळे व्हायचे. मला खरंच आवडायचं. सोनार नथ काट्यावर ठेवतो म्हणून ती नथ काही बिघडत नाही. कवितेचंही तसंच आहे. मोजल्यानं जी मरते ती आधीच मेलेली असते.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ह्रस्व अक्षर म्हणजे लघू, त्याला टेबलावर एक टिचकी. दीर्घ म्हणजे गुरू, त्याला दोन टिचक्यांएवढा वेळ. काही वृत्तांत लघू-गुरूंचा क्रम ठरलेला असतो, एक अक्षर इकडचं तिकडे चालत नाही. काहींत नुसती मात्रांची बेरीज जमावी लागते. आणि सगळ्यात साधे जे छंद असतात त्यांत फक्त अक्षरं मोजायची, ओळीत आठ म्हणजे आठ, जोडाक्षर आलं तर तेही एकच धरायचं. यमक म्हणजे ओळींच्या शेवटी सारखा नाद. पुनरुक्ती म्हणजे तोच शब्द, तीच ओळ पुन्हा येणं. राजापेठेतल्या शिकवणी वर्गांनी मुलांना एक वाक्य पाठ करून दिलेलं असतं, 'पुनरुक्तीमुळे कवितेला गेयता प्राप्त झाली आहे.' ते वाक्य मी वर्षानुवर्षं लाल शाईनं खोडलं. माझा प्रश्न एकच असायचा. ओळ पहिल्यांदा आली आणि दुसऱ्यांदा आली, त्या दोन्हींमध्ये काय झालं? काही झालं नसेल तर ती ओळ दुसऱ्यांदा कशाला आली?

या ज्ञानाला बाजारात किंमत नाही असं कोणी म्हणेल तर तेही खोटं आहे. लग्नसराईत माझ्या घरी रांग लागायची. मंगलाष्टकं शार्दूलविक्रीडितात लिहितात, आणि त्यात नावं बसवणं हे मोठं कौशल्याचं काम. अकोल्याहून एक गृहस्थ आले. माझं माहेर अकोल्याचं, त्या ओळखीनं आलेले.

"मॅडम, नवरीले पाच काके हायेत. पाचही नावं आली पायजे. एक बी सुटलं तं तो जेवाले बसनार नाही."

चार काका बसले. पाचवे पुरुषोत्तम.

"हे बसत नाहीत हो," मी म्हटलं.

"कावून? सगयात मोठे तेच हायेत."

"मोठेपणाचा प्रश्न नाही. नावाच्या शेवटी दोन लघू अक्षरं येतात. वृत्ताला तिथं शेवटी गुरू लागतो. 'पुरुषोत्तमा' अशी हाक मारली तर बसतील."

"मंग मारा हाक."

मी मारली. लग्नाला मी हजर होते. भटजींनी सूर लावून 'पुरुषोत्तमा' म्हटलं, तसे ते वयोवृद्ध काका खुर्चीतून उठले आणि "काय म्हनता?" असं विचारत थेट अंतरपाटापाशी येऊन उभे राहिले. त्यांना परत बसवेपर्यंत नवरा-नवरी हार धरून ताटकळली. वृत्त मात्र बिनचूक होतं, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन.

असे गमतीचे प्रसंग पुष्कळ आहेत. पण संपादकांनी लेख मागितला तेव्हा मला लिहायचं होतं ते वेगळंच. ज्या एका प्रकरणात माझा हा मोजण्याचा धंदा खरोखर पणाला लागला, ते.

प्राचार्यांनी एका दुपारी मला केबिनमध्ये बोलावलं. इतिहासाचे गावंडे सर आधीच येऊन बसले होते. टेबलावर आमच्या कॉलेजचा त्या वर्षीचा वार्षिक अंक होता आणि त्याच्या बाजूला एक कवितासंग्रह. संग्रहाचे कवी आमच्या भागातले ज्येष्ठ. नाव लिहीत नाही. हयात आहेत, आणि अमरावतीत नाव न लिहिताही लोक ओळखतात. स्पर्धा, संमेलनं, पुरस्कार, निवड समित्या, सगळीकडे त्यांची खुर्ची असायची. मी त्यांना इथे कविवर्य म्हणते.

कविवर्यांची तक्रार होती. त्यांच्या संग्रहातली 'दोरी' ही कविता आमच्या बी.ए.च्या एका विद्यार्थिनीनं उचलली, गावठी भाषेत फिरवली आणि स्वतःच्या नावानं वार्षिक अंकात छापली. मुलीवर कारवाई व्हावी. निदान तिनं लेखी माफी मागावी आणि ती पुढच्या अंकात छापावी. प्राचार्यांनी आम्हा तिघांची समिती नेमली होती, ते स्वतः, गावंडे सर आणि मी.

मुलीचं नाव पंचशीला तायडे. परतवाड्याजवळच्या गावची. वडील परतवाडा डेपोत एसटीचे कंडक्टर. वर्गात ती मागच्या बाकावर बसायची, बोलायची कमी, पण मी टेबलावर मात्रा वाजवायला लागले की तिची बोटं बाकावर चालायची. ती माझ्याही आधी ओळीच्या शेवटाला पोचलेली असायची.

तिला बोलावलं. दोन्ही पुस्तकं तिच्यापुढे ठेवली. तिनं संग्रह उघडला, वाचला आणि तिचा चेहरा उतरला.

"ही माही कविता हाय, मॅडम."

"ती त्यांच्या पुस्तकात आधी छापली आहे," गावंडे सर म्हणाले. "तुझी नंतर."

"मी त्यायचं पुस्तक पाह्यलं बी नाही. मी पयल्या वर्षाले असतानी जिल्ह्याच्या कविता स्पर्धेत देली व्हती. हे सरच परीक्षक व्हते तवा. माहा नंबर नाही आला."

स्पर्धेचे कागद कोण जपून ठेवतं? आयोजकांकडे विचारलं, काही नव्हतं. वर्गातल्या मुलींनी ती कविता आधी ऐकली होती का, तर नाही. तिनं ती फक्त घरी म्हणून दाखवली होती, बापाला. आणि बापाची साक्ष कोण धरतं?

निघताना ती दाराशी थांबली. "मामाले कयलं हाय, मॅडम," ती म्हणाली. "थो बाबाले म्हने, पोरगी कालेजात चोऱ्या कराले गेली काय. त्यानं एक स्थळ बी आनून ठेवलं."

एवढं सांगून ती गेली. म्हणजे तिच्या बाजूनं पाहिलं तर प्रश्न एका कवितेचा नव्हताच. चोर ठरली की शिक्षण थांबणार होतं.

मी दोन्ही कविता घरी नेल्या. पाच-पाच कडव्यांच्या, ओळीत आठ अक्षरं, साधा अक्षरछंद. बापाच्या हातात घंटीची दोरी आहे, पोरीला शिकायला पुढे जायचंय, आणि जो तो तिला थांब म्हणतो आहे, असा विषय. त्यातली दोन कडवी इथे देते. ही पंचशीलाची.

रस्ता डांबराचा काया
त्याच्यावरी तुही माया
मामा म्हने, पुरे आता
थांब पोरी

एक घंटी नोको मले
चाक पुढे पुढे चले
आता दोरी ओढ बाबा
जाय पोरी, जाय पोरी

आणि ही कविवर्यांची.

रस्ता डांबराचा काळा
त्याच्यावरी तुझी माया
मामा म्हणे, पुरे आता
थांब पोरी, थांब पोरी

एक घंटी नको मला
चाक पुढे पुढे चाले
आता दोरी ओढ बाबा
जा ना पोरी, जा ना पोरी

वाचकांनी दोन्ही मोठ्यानं म्हणून पाहावीत. डोळ्यांनी वाचून भागायचं नाही.

वऱ्हाडीत 'ळ'चा 'य' होतो. काळा म्हणजे काया, डोळा म्हणजे डोया. पंचशीलाचं 'काया-माया' हे चोख यमक आहे. कविवर्यांनी काया दुरुस्त करून काळा केला आणि माया तशीच राहिली. काळा-माया. मुलीचं 'मले-चले' कानाला पक्कं बसतं. त्यांनी मलेचं मला केलं, चलेचं चाले केलं, आणि दोन ओळींचा एकमेकींशी संबंध तुटला. अक्षरं मात्र आठची आठ भरली. मोजायला ते चुकले नव्हते, ऐकायला चुकले होते.

मग मी उरलेली तीन कडवी पाहिली. त्यात 'खिडकी' आणि 'धडकी' होतं, 'तिकीट' आणि 'नीट' होतं. हे शब्द पुण्यात आणि परतवाड्यात सारखेच. तिथे कविवर्यांची यमकंही निर्दोष होती. म्हणजे त्यांची कविता जिथे पुस्तकी मराठी आणि वऱ्हाडी एक आहे तिथे सावरलेली, आणि जिथे वेगळी आहे नेमकी तिथेच मोडलेली. कवितेनं आपली बोली बदलली, पण बदलताना ती कुठून आली ते यमकांनी सांगून टाकलं. 'काळा' लिहिणाऱ्याला 'माया' सुचत नाही. 'काया' म्हणणाऱ्याच्या जिभेवर ती आपोआप येते.

मी खूश होते. पण एक गोष्ट अडत होती. पंचशीलाच्या पहिल्या चारही कडव्यांची शेवटची ओळ. 'थांब पोरी.' चारच अक्षरं. बाकी सगळीकडे आठ आणि इथे चार. कविवर्यांच्या कवितेत ती ओळ पूर्ण होती. उद्या कोणीही म्हणालं असतं, बघा, मूळ ओळ पूर्ण, आणि नक्कल करणारीला ती नीट उतरवता आली नाही.

मी तिला विचारलं, "इथे ओळ अर्धीच का सोडलीस?"

ती गोंधळली. "तिथं तेवढंच येते, मॅडम."

"म्हणजे?"

"म्हंजे मले तसंच आयकू आलं. दोनदा म्हनून पाह्यलं तं खोटं वाटे."

यापलीकडे तिला सांगता आलं नाही. कवीला ते सांगता यायला हवं असा काही नियम नाही. ते काम आमचं.

त्या आठवड्यात मी अकोल्याला आईला भेटून एसटीनं परत येत होते. मूर्तिजापूरच्या अलीकडे एक म्हातारी उभी राहिली आणि "थांबव रे बाप्पा," म्हणाली. कंडक्टरनं दोरी एकदा ओढली. टिन. गाडी थांबली, म्हातारी उतरली. त्यानं दोरी पुन्हा ओढली. टिन टिन. गाडी निघाली. जन्मभर एसटीत बसलेली बाई मी, हे मी हजारदा ऐकलं असेल. एक घंटी म्हणजे थांब. दोन घंट्या म्हणजे जा.

मी पर्समधून कविता काढली. पहिल्या चार कडव्यांत मामा थांबवतो, शेजारीण थांबवते, मावशी थांबवते, गाव थांबवतं, आणि दर वेळी ओळ येते, 'थांब पोरी.' एकदाच. शेवटच्या कडव्यात बाप दोरी ओढतो आणि ओळ येते, 'जाय पोरी, जाय पोरी.' दोनदा. कंडक्टरच्या पोरीच्या कानात लहानपणापासून ती घंटी होती. तिची ओळ अर्धी पडलेली नव्हती. तिथे घंटी एकदाच वाजली होती. आणि शेवटच्या पुनरुक्तीच्या आत गाडी हलली होती. मी वर्गात विचारायची त्या प्रश्नाचं याच्याइतकं नेमकं उत्तर मला कुठल्याच कवितेत मिळालं नव्हतं.

कविवर्यांनी ती जागा रिकामी समजून भरून काढली होती. त्यांच्या कवितेत थांबायलाही दोन घंट्या आणि निघायलाही दोन. अशी गाडी शेजारच्या बडनेऱ्यापर्यंत सुद्धा पोचणार नाही.

समितीच्या बैठकीला कविवर्य स्वतः आले. पांढरा शुभ्र झब्बा, सौम्य आवाज. पंचशीला वडिलांना घेऊन आली होती. तायडे ड्यूटीवरून तसेच आलेले, खाकी कपड्यांत, भिंतीला पाठ लावून उभे. प्राचार्यांनी खुर्ची दाखवली तरी बसले नाहीत.

मी दोन्ही कविता मोठ्यानं वाचल्या. यमकांचं सांगितलं. कविवर्य शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "बाई, आधुनिक कवितेत यमक मुद्दाम सैल सोडतात. तुम्ही अजून जुन्या पुस्तकांत अडकला आहात."

"मुद्दाम सोडलेलं यमक कुठेही सुटलं असतं," मी म्हटलं. "तुमचं फक्त तिथेच सुटलं आहे जिथे वऱ्हाडी शब्द बदलावा लागला. तुमच्या सैलपणाला आमची बोली इतकी अचूक कशी कळली?"

प्राचार्यांनी घसा साफ केला. मी घंटीचं सांगितलं. गावंडे सर पुढे झुकून ऐकत होते, ते माझ्या लक्षात आलं.

"एका अपुऱ्या ओळीवरून तुम्ही मला चोर ठरवणार?" कविवर्यांनी विचारलं.

"मी तिला चोर ठरू देणार नाही. तुम्ही काय ते तुमचं तुम्ही ठरवा."

ते हसले. प्राचार्यांकडे वळून म्हणाले, "या मुलांवर माझा राग नाही. ह्यांच्यात गाण्याची परंपरा आहे, मी मान्य करतो. पण कविता ही निराळी साधना आहे."

'ह्यांच्यात' हा शब्द त्यांनी अगदी हळुवार उच्चारला. खोलीत सगळ्यांना कळला. तायड्यांनी खाली पाहिलं नाही, सरळ त्यांच्याकडे पाहिलं. पंचशीलाची मूठ आवळली गेली.

मी शेतकऱ्याच्या घरची. माझ्या आडनावाला असं कोणी 'ह्यांच्यात' म्हणत नाही. पण तरुणपणी पुण्याच्या एका चर्चासत्रात माझ्या तोंडून 'मले' निघालं होतं आणि पहिली रांग हसली होती. तो एका दुपारचा अपमान होता. या मुलीच्या वाट्याला आलेला त्याहून खोल होता, आणि तो मला गिळायचा नव्हता.

"सर," मी म्हटलं, "गाण्याची परंपरा म्हणजे कानाची परंपरा. कवितेला याहून दुसरं काय लागतं ते मला आजवर कोणी दाखवलं नाही. तुम्ही दाखवा. आत्ता इथे, 'थांब पोरी' दोनदा का, एवढं सांगा. मी तक्रार मान्य करते."

त्यांनी घड्याळ पाहिलं.

प्राचार्य वाईट माणूस नव्हते. त्यांना कॉलेज चालवायचं होतं, आणि कविवर्यांचा शब्द पुष्कळ ठिकाणी चालायचा. त्यांनी एक मधला मार्ग काढला. "तायडे, मुलीला एक छोटं माफीपत्र लिहू द्या. गैरसमजातून झालं, एवढंच. छापणार नाही आम्ही. विषय इथेच संपेल, तिचं वर्षही वाचेल."

पंचशीलानं बापाकडे पाहिलं.

"काहून लिहिन थे?" तायडे म्हणाले. आवाज चढला नव्हता. "तिनं माह्यापाशी म्हनली व्हती हे कविता, बारावीचा निकाल लागला तवा. माही घंटी हाय त्याच्यात. माफी कायची मांगाव?"

"समजून घ्या जरा..."

"समजलं मले, सर. वर्ष गेलं तं जाऊ द्या. सही नाही करत थे."

प्राचार्यांनी अहवालाचा मसुदा पुढे केला. 'विद्यार्थिनीकडून अनवधानाने साम्य घडले' असं त्यात आधीच लिहून आणलेलं होतं. मी म्हटलं, माझी सही मिळणार नाही, आणि हा अहवाल गेला तर मी या दोन कविता घेऊन प्रत्येक संमेलनात फळ्यावर मांडेन, जिथे बोलावतील तिथे आणि जिथे बोलावणार नाहीत तिथेही. गावंडे सरांनी पेन उचललं, टोपण काढलं, परत लावलं. "मी पन नाही करत," ते म्हणाले. "मले वृत्तातलं काही समजत नाही, पन घंटीचं समजलं."

प्रकरण निर्णयाविना बंद झालं. कविवर्य चोर ठरले नाहीत, पंचशीलाही ठरली नाही. तिचं वर्ष वाचलं. मामाचं स्थळ तायड्यांनी परत पाठवलं.

माझं काय झालं ते सांगायला हवं, कारण अशा लेखांत लोक ते गाळतात. पुढच्या वर्षी वार्षिक अंकाचं संपादन माझ्याकडून काढलं. स्पर्धांना परीक्षक म्हणून बोलावणं बंद झालं. विभागप्रमुख व्हायची पाळी माझी होती, ती माझ्यानंतर लागलेल्या सरांकडे गेली. एका संमेलनात माझं व्याख्यान पत्रिकेत छापून आलं आणि मंचावर पोचेपर्यंत रद्द झालं होतं. मी खाली श्रोत्यांत बसून चहा प्यायले आणि घरी आले. मला या सगळ्याचा राग आहे. पश्चात्ताप तेव्हा नव्हता आणि आजही नाही.

खंत आहे ती वेगळी. पंचशीलानं लिहिणं सोडलं. ती एम.ए. झाली, आता परतवाड्याकडच्या एका शाळेत शिकवते, तिच्या मनाप्रमाणे लग्न झालं, मुलगी आहे. एकदा भेटायला आली तेव्हा मी विचारलं, काही नवीन?

"लिहाले बसली का वाटते, कोनी तरी मांगून पाहून राह्यलं," ती म्हणाली. "मंग नाही होत."

कविवर्यांनी नेलेल्या कवितेचा मला राग आहेच. पण ज्या कविता त्यानंतर झाल्याच नाहीत, त्यांचा हिशेब कोणत्या समितीपुढे मांडायचा? तिथे माझी विद्या हात टेकते.

मी निवृत्त झाले. मध्यंतरी कविवर्यांच्या त्या संग्रहाची दुसरी आवृत्ती निघाली. राजापेठेतल्या दुकानात दिसली म्हणून चाळली. 'दोरी' उघडली. 'रस्ता डांबराचा काळा, त्याच्यावरी तुझा लळा.' मी दुकानात उभ्या उभ्या हसले. दुकानदारानं विचारलं, विनोदी पुस्तक आहे का? खालच्या कडव्यातही 'मला'शी जुळवून 'चला' आणून बसवलं होतं. माझं विश्लेषण त्यांनी जुन्या पुस्तकांत अडकलेलं म्हटलं होतं, पण ऐकलं मात्र अक्षर न अक्षर होतं. यमकं दुरुस्त झाली. पुरावा पुसला गेला असं त्यांना वाटलं असेल. पहिल्या आवृत्तीच्या प्रती अजून वाचनालयांत आहेत, कोणीही ताडून पाहावं.

आणि 'थांब पोरी' त्या नव्या आवृत्तीतही दोनदाच आहे. घंटीचं मी त्यांच्या तोंडावर सांगितलं होतं तरी. यमक दुरुस्त करता येतं, ते कोशात सापडतं. ती अर्धी ओळ सहन करायला मात्र एसटीच्या दाराशी बापाची वाट पाहत उभं राहावं लागतं. हा लेख वाचून तिसऱ्या आवृत्तीत ते तीही दुरुस्त करतील कदाचित. करू देत. तेवढीच कविता सुधारेल.

हे लिहिण्याआधी मी पंचशीलाला फोन केला. सगळं सांगून टाकू का, कडवी छापू का, असं विचारलं. जुनं उकरून तिला शाळेत त्रास होऊ नये, ही काळजी होती. मागे तिच्या मुलीचा आवाज येत होता.

"छापा, मॅडम," ती म्हणाली. "पन एक हाय. छापखान्यातल्या मानसाले सांगून ठेवा, मले-तुले कोनी दुरुस्त करू नोका म्हना. अर्धी ओळ अर्धीच राहू द्या."

"सांगते. नाव टाकू?"

"टाका ना. पुरं टाका."

तेव्हा या अंकाच्या मुद्रितशोधकांना माझी विनंती आहे, विनंती म्हणजे सूचनाच समजा. वरच्या पहिल्या दोन कडव्यांत काना, मात्रा, वेलांटी, कशालाही हात लावू नये. ती कुठल्याही दृष्टीनं अशुद्ध नाहीत. आणि ती कोणाची आहेत याबद्दल कोणाला शंका असेल तर संपादकांकडे माझा पत्ता आहे. कवयित्री, पंचशीला तायडे.